चुंबक कुठे चिकटवू?

टप्! अँटेना तिसऱ्यांदा गॅरेजच्या फरशीवर.

सॅटेलाइट रेडिओची ही अँटेना काडेपेटीएवढी, खाली चुंबक. कारच्या टपासाठी केलेली. आणि मी ती बसवतोय टूरिंग बाइकच्या मागच्या ट्रंकवर, जी सगळी प्लास्टिकची!

बाकीचं सकाळीच उरकलं होतं. रिसीव्हर हँडलबारवर क्लॅम्पने, वायर टाकीखालून, करंट चावीच्या लाइनवरून, मध्ये फ्यूज. (थेट बॅटरीला जोडलं तर चार दिवस उभी राहिलेली बाइक पाचव्या दिवशी नुसती टिक-टिक करते. अनुभव आहे.)

लेक बघत होती. म्हणाली, "बाबा, खाली लोखंड ठेव ना."

गप्प बसलो. मग तळहाताएवढा पत्रा कापला, कडा कानशीने घासल्या, दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने ट्रंकवर बसवला. अँटेना खट्कन चिकटली. अशा अँटेनेखाली धातू असला की सिग्नलही सुधारतो. हे वाचलेलं होतं, सुचलं मात्र तिला.

अमेरिकेत सिरियस आणि एक्सएम या सॅटेलाइट रेडिओच्या दोन कंपन्या २००८ मध्ये एक झाल्या, तेव्हापासून सिरियसएक्सएम हाच एक पर्याय. तासन् तास एफएम नसलेल्या हायवेवर त्याची किंमत कळते. सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहातून गाणं बिनबोभाट येतं, आणि आमचं घोडं पेंड खातं शेवटच्या दोन इंचांत.

संध्याकाळी चक्कर मारली. पुलाखाली क्षणभर आवाज गेला, परत आला. पत्रा जागचा हलला नाही.

पण पावसात ही टेप टिकेल का? कुणी वापरलीय?