चौफुल्यापर्यंत

नाना पेठेत वाढलेल्या माणसाला पालखी बघायला कुठे जावं लागत नाही, पालखीच दारात येते. तुकोबांचा मुक्काम निवडुंग्या विठोबाच्या देवळात, माउलींचा जवळच भवानी पेठेत, आणि आमचं पंचहौदचं चर्च, पवित्र नाम देवालय, तिथून चालत जाण्याइतकं. लहानपणी आई पातेलंभर चहा करून वारकऱ्यांना द्यायची. (याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, झालं होतं. आईच्या चहाला मात्र कुणी नाही म्हटल्याचं आठवत नाही.) पण पालखीबरोबर आपणही चालावं, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

माझ्या आलं ते नवऱ्याच्या डायलिसिसमुळे. आठवड्यातून तीनदा मशीन, प्रत्येक वेळी चार तास. तेवढा वेळ बाहेरच्या बाकड्यावर बसून मी पुढच्या दहा वर्षांचा हिशेब करायची. पैसे, मुलीचं कॉलेज, किडनी कोण देणार, कुणीच नाही दिली तर काय. प्रार्थनासुद्धा त्या हिशेबाचीच पुढची पानं झाली होती. चर्चच्या मंडळीतले लोक भेटायला येत आणि सगळं गमावूनही देवाला न सोडणाऱ्या बायबलमधल्या ईयोबाचं उदाहरण देत. ईयोबाचे मित्र आधी सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसून होते, एवढा भाग कुणी वाचलेला दिसत नव्हता.

शेजारच्या काकू दरवर्षी दिंडीत जातात. "चल दोन-तीन दिवस. मोकळी होशील."

"काकू, मी ख्रिस्ती आहे."

"मग? तुम्हाला पाय नसतात का?"

नणंद म्हणाली, दादाकडे मी बघते. पाळकसाहेबांना सांगितलं, ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आरोहणाची स्तोत्रं बरोबर ने." बायबलच्या स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४, अशी ही पंधरा. सणासाठी यरुशलेमेला चढून जाणारे यात्रेकरू ती म्हणत असत, असं मानलं जातं. १३२ वं सोडलं तर सगळी लहान, पावलांबरोबर पाठ म्हणता येण्याजोगी. मी ती आजवर फक्त बसून वाचली होती.

एक सांगते. विठ्ठलाचं दर्शन हा माझा हेतू नव्हता आणि तसं भासवायचंही नव्हतं. काकूंनी विणेकरी बुवांना पहिल्याच सकाळी सांगून टाकलं. बुवांनी मला वरखाली पाहिलं. "चाला माउली. फक्त रांग मोडू नका."

हडपसरपर्यंत गर्दी, ऊन आणि पोलिसांच्या शिट्ट्या यांपलीकडे काही कळलं नाही. लोणी काळभोर जवळ आलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. एवढे लोक पंढरपूरला निघालेत, पण पंढरपूर अजून किती लांब हे कुणीच बोलत नाही. आज लोणी. उद्या यवत. टँकर कुठे उभा आहे, विसावा किती वेळ, रात्री तंबू कुठे पडलेत, एवढीच चर्चा. 'ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे' हे वचन आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आहे. मी ते सांत्वनाचं समजत होते, आणि खरं सांगायचं तर मला ते जरा खोटं वाटायचं. इथे ती चालणाऱ्यांची रोजची व्यवस्था होती. उद्याचं चालणं आज चालताच येत नाही, पाय ते करू देत नाहीत.

यवतला भैरवनाथाच्या देवळात पिठलं-भाकरी. गावातल्या घराघरांतून भाकऱ्या येतात. पंगतीत शेजारी बीडकडच्या एक आजी होत्या. सोयाबीन पेरून निघाल्या होत्या आणि पाऊस गायब झाला होता. दुबार पेरणी करायची तर बियाणं पुन्हा उधारीवर आणावं लागणार. मी विचारलं, "मग आलात कशा?"

"बांधावर बसलं म्हणून का पाऊस येतोय?"

मी त्यांना १२६ वं स्तोत्र सांगितलं. रडत रडत बी पेरायला गेलेला माणूस गात गात पेंढ्या घेऊन येतो, ते. आजींनी घास गिळून विचार केला. "पहिलं बरोबर आहे. उधारीचं बी मातीत टाकताना रडूच येतं. पेंढ्यांचं बघू."

त्यांचं दुःख मोठं म्हणून माझं लहान झालं, असं काही झालं नाही. दुःखं तराजूत घालणारी माणसं मला आवडत नाहीत. पण "पेंढ्यांचं बघू" हे मी कधी देवासमोर इतक्या सरळ म्हटलं नव्हतं. मी पेंढ्यांची तारीख मागत होते.

चौफुल्याला दिंडी वरवंडकडे गेली आणि मी काकूंचा निरोप घेऊन केडगावचा रस्ता धरला. केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंनी निराधार मुली-बायकांसाठी उभं केलेलं मुक्ती मिशन. लहानपणापासून रमाबाई ऐकल्या त्या विदुषी म्हणून. त्या दिवशी तळव्याला फोड आलेले असताना आठवलं की त्या आधी चालणाऱ्या होत्या. आईवडील पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरायचे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई, बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं देशभर पायी हिंडली. मग ढाक्यात भाऊ गेला. १८८२ मध्ये, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, नवरा गेला, मुलगी तान्ही. पुण्यात आल्यावर पंचहौदच्या वाँटेज सिस्टर्सशी, म्हणजे इंग्लंडहून आलेल्या ख्रिस्ती जोगिणींशी, ओळख झाली आणि १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा. हिशेब मांडायचा म्हटलं असतं तर त्यांचा कुठल्याच टप्प्यावर जुळला नसता. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, या केडगावला. लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली, त्या स्वतः १९२२ मध्ये. आयुष्याच्या अखेरीपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चालू होतं, छपाई मुक्तीतल्या बायकांच्या हातून.

आवारात थोडी बसले, पायावर पाणी घातलं आणि केडगावहून पुण्याची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिसची पाळी होती.

डायलिसिसच्या खोलीत मला सोडत नाहीत, म्हणून आता मी बाहेरच्या बाकड्यावरून फोनवर त्याला एकेक स्तोत्र वाचून दाखवते. खोल गर्तेतून हाक मारणारं १३० वं त्याला आवडतं, परत परत वाचायला लावतो. १२८ वं अजिबात पटलेलं नाही. बायको फळलेली द्राक्षवेल, मुलं जेवणाभोवती जैतुनाची रोपं, सगळं छान छान. "हा गृहस्थ कधी दवाखान्यात आलेला दिसत नाही," म्हणतो.

म्हटलं, दम धर, पुढच्याच स्तोत्रात पाठीवर नांगर फिरवलाय.

"मग ते शनिवारी वाच. शनिवारी सुई टोचणारा नवीन पोरगा असतो."