न्यूट्रिनो शोधता, मग बर्फच काय मोजत बसता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कामाबद्दल बोलणं निघालं की हा प्रश्न ठरलेला असतो.

आमची दुर्बीण बर्फाचीच आहे, म्हणून. दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या न्यूट्रिनो वेधशाळेत 1450 ते 2450 मीटर खोलीवर बर्फात प्रकाश टिपणारे 5160 सेन्सर गोठवून ठेवले आहेत. न्यूट्रिनो हा अतिसूक्ष्म कण स्वतः दिसत नाही. तो एखाद्या अणूवर आदळला की त्यातून निघालेले कण निळसर प्रकाश सांडत जातात. तो प्रकाश कुठल्या सेन्सरला किती आणि कधी दिसला, यावरून न्यूट्रिनो आकाशात कुठून आला ते काढायचं. वाटेत प्रकाश किती विखुरला, किती शोषला गेला हे नीट ठाऊक नसेल, तर दिशाही चुकते आणि ऊर्जाही.

काचेचं भिंग घासून नीट करता येतं, बर्फ आहे तसाच घ्यावा लागतो. दोन हजार मीटरच्या जरा खाली हिमयुगातल्या धुळीचा पट्टा आहे, तिथे प्रकाश लवकर विरतो. शिवाय थर सपाट नाहीत, कललेले आहेत.

मोजण्यासाठी प्रत्येक सेन्सरमध्ये 12 एलईडी आहेत. एक चमकवायचा, शेजारच्यांनी काय टिपलं ते पाहायचं. मग तोच झोत संगणकातल्या बर्फातून सोडायचा आणि दोन्ही जुळेपर्यंत बर्फाचे आकडे बदलत राहायचं. किचकट काम आहे, पण मला मनापासून आवडतं. कारण त्यातूनच कळलं की बर्फ ज्या दिशेला वर्षाला सुमारे 10 मीटर सरकतो, त्या दिशेला प्रकाश जास्त पोहोचतो. झोतापासून सव्वाशे मीटरवर, काटकोनातल्या दिशेच्या जवळजवळ दुप्पट! धुळीनं हे नीट उलगडेना. उत्तर बर्फाच्या स्फटिकांत सापडलं: प्रवाहामुळे ते एका विशिष्ट रीतीने मांडले जातात, आणि स्फटिकामागून स्फटिक ओलांडताना प्रकाश हळूहळू प्रवाहाच्या दिशेकडे वळत जातो.

या खटपटीचं फळ आकाशात दिसतं. 2022 मध्ये एनजीसी 1068 या दीर्घिकेकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंचा भक्कम पुरावा जाहीर झाला. त्यासाठी 2011 ते 2020 मधल्या नोंदी सुधारित कॅलिब्रेशन (म्हणजे बर्फ आणि सेन्सर यांची अधिक अचूक मोजमापं) वापरून नव्याने तपासल्या होत्या.

अजून सुटायचा आहे तो सेन्सरांना चिकटलेला बर्फ. सेन्सर उतरवण्यासाठी गरम पाण्याने पाडलेली भोकं पुन्हा गोठताना बुडबुडे मधोमध ढकलले गेले, आणि प्रत्येक सेन्सर त्यांच्यापासून नेमका किती लांब आहे हे वेगवेगळं काढावं लागतं. सध्या मी त्यातच आहे.