खांद्यावरचा टॉवेल

मे महिना, ओपीडीतला पंखा गरम वारा फेकतोय, आणि पेशंट खांद्यावरचा टॉवेल काही काढेना. वय ४६, अशोक चौकाकडच्या यंत्रमागावर पंचवीस वर्षं काढलेली. "तुटलेल्या धाग्याला गाठ बसंना, डॉक्टर. बोटं थरथरतात. जिना चढायचा तर कठडा धरून स्वतःला ओढावं लागतं."

एकीकडे डॉक्टर 'मोटर न्यूरॉनचा आजार (स्नायू चालवणाऱ्या नसपेशी मरत जाणारा), आयुष्य तीन-चार वर्षं' असं सांगून मोकळे झाले होते. दुसरीकडे ताकदीसाठी टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुष हार्मोनची, इंजेक्शनं सुरू होती.

टॉवेल निघाला तेव्हा लाजेचं कारण कळलं. छाती बायकांसारखी भरलेली. म्हटलं, ओठ मिटून गाल फुगवा. हनुवटीच्या कातडीखाली अळ्या वळवळाव्यात तशी हालचाल! केनेडी या अमेरिकी डॉक्टरनं १९६८ साली वर्णन केलेला आजार मी फक्त पुस्तकात वाचला होता.

"घरात आणखी कुणाला?" तो नाही म्हणाला. बायको म्हणाली, "माझ्या वडलांना असंच होतं की." तिचे वडील म्हणजे त्याचे सख्खे मामा.

इंजेक्शनं त्याच दिवशी बंद केली, रक्त बाहेर पाठवलं. पुरुष हार्मोन पकडणारं प्रथिन म्हणजे अँड्रोजेन रिसेप्टर. त्याच्या जनुकात सीएजी ही तीन अक्षरं ओळीनं साधारण ३६ वेळांपर्यंत आली तर चालतं. याच्यात ४७ वेळा निघाली.

पुरुष हार्मोन म्हणजे दाढी-मिशा, एवढंच आपण धरून चालतो. पण मज्जारज्जूत स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींतही त्याचे रिसेप्टर असतात. हार्मोन चिकटलं की रिसेप्टर केंद्रकात शिरतो. जादा सीएजीमुळं लांबलेला रिसेप्टर तिथं गोळे करून बसतो आणि पेशी हळूहळू खचते. हार्मोनच कमी असेल तर तो केंद्रकाबाहेरच राहतो. म्हणून दोष असलेल्या बाईला पेटक्यांपलीकडे सहसा काही होत नाही. जपाननं २०१७ मध्ये या आजारासाठी मान्य केलेलं औषधही हार्मोन दाबणारंच. आणि आम्ही डॉक्टर मंडळी याला वरून हार्मोन टोचत होतो!

"आयुष्य फारसं घटत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे चार वर्षं नाही?" त्यानं दोनदा विचारलं. मग दाराकडं बघत, "पोरगा एकोणीसचा आहे. जिमला जातो. माझ्यामुळं त्याला...?"

"तुमच्याकडून नाही. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, आणि बापाचा एक्स मुलाला जातच नाही."

तो सुटल्यासारखा हसला. बायको हसली नाही. "मग माझ्याकडून," ती म्हणाली.

"निम्मी शक्यता," मी म्हटलं, "त्याला आत बोलवा."