मिसेस व्हिस्करसन आणि रविवारची अंघोळ

रविवार, रात्र

‘फ्रेंड्स’ या अमेरिकन विनोदी मालिकेच्या पाचव्या पर्वातला चेंडूचा भाग आज परत लावला. 1999 सालचा. जोई आणि रॉस चेंडू खाली पडू न देता झेलत बसतात, ती गंमत सगळ्यांच्या लक्षात आहे. खरं बघण्यासारखं आहे ते रेचेलचं मांजर. लहानपणी आजीकडे तसं होतं म्हणून तिने हजार डॉलर मोजून बिनकेसांचं, स्फिंक्स जातीचं मांजर आणलं. नाव मिसेस व्हिस्करसन. व्हिस्कर म्हणजे मांजराची मिशी, आणि स्फिंक्सच्या मिश्या बहुधा नसतातच. असल्या तर तुटक्या आणि वाकड्या. ते सगळ्यांवर फिस्कारतं, रेचेल वैतागते आणि शेवटी 1500 डॉलरला ते कॉफी शॉपमधल्या गुंथरच्या गळ्यात मारते.

प्रेक्षक हसतात मांजराच्या रूपाला. वागण्यात मात्र त्याची काहीच चूक नाही. नवीन मांजर आणल्या आणल्या माणसांनी भरलेल्या दिवाणखान्यात, हातावर घेऊन दाखवत फिरवलं की ते फिस्कारणारच, मग अंगावर केस असोत की नसोत. त्याला आधी एकच खोली द्यायची. एका कोपऱ्यात लिटर बॉक्स (शी-शूचा डबा), खाणंपिणं त्यापासून लांब, दडायला एखादं खोकं आणि ज्यातून आणलं त्या कॅरियरचं, म्हणजे पेटीचं, दार उघडं. आपण जमिनीवर बसायचं, हात पुढे करायचा नाही. दोन-तीन दिवसांत ते बाहेर डोकावतं, रुळायला दोन-तीन आठवडे लागतात. रेचेलने इतकी कळ काढली असती तर लेखकांचा विनोदच बुडाला असता, हेही खरं.

मालिकेने जे दाखवलंच नाही ते म्हणजे तेल. कातडीतून पाझरणारं तेल एरवी केसांवर पसरून जातं. इथे केसच नाहीत, म्हणून ते अंगावर साचतं आणि सोफ्यावर तपकिरी डाग पडतात. त्यामुळे आठवड्याला एक अंघोळ. टबात खाली रबरी चटई हवीच. पाय घसरला की मांजर बिथरतं आणि पुढच्या वेळी टब दिसताच पळतं. पाणी कोमट, पोटाला लागेल इतकंच. शाम्पू मांजराचा, तोही बिनवासाचा. मानेच्या आणि काखेच्या घड्या बोटांनी चोळायच्या, तोंड ओल्या फडक्याने पुसायचं, नीट धुऊन लगेच टॉवेलात गुंडाळायचं. रोज अंघोळ घातली तर कातडी कोरडी पडून खाज सुटते. नखांच्या मुळाशी काळा चिकट मळ बसतो, तो वेगळा काढावा लागतो. कानांतही भराभर मळ साठतो. तो कापसाने, दिसेल तेवढाच पुसायचा. काडी आत घातली की मळ आणखी खोल जातो.

‘केस नाहीत, म्हणजे ॲलर्जी नाही’ ही समजूत काही जात नाही. त्रास देणारं प्रथिन लाळेत आणि कातडीच्या तेलात असतं. शिंका येणाऱ्याने हौसेने पैसे मोजण्याआधी अशा मांजराजवळ तासभर बसून बघावं.

ही जात मुळात टोरोंटोची. 1966 साली तिथे एक बिनकेसांचं पिल्लू जन्मलं, तिथून सुरुवात. मुंबई-पुण्यात हौशी लोक आता ती पाळतात. आपल्याकडे उन्हापेक्षा एसीच जास्त नडतो. माणूस पांघरूण घेऊन 18 अंशांवर झोपतो आणि मांजर कुडकुडतं. अंगातली ऊब सतत निघून जाते म्हणून त्याला भूकही जास्त लागते, तो अधाशीपणा नव्हे. खिडकीतल्या दुपारच्या उन्हात फार वेळ लोळलं तर कातडी भाजते. पावसाळ्यात घड्या ओलसर राहून बुरशी धरते, म्हणून अंघोळीनंतर त्या कोरड्या झाल्यात का हे बोट फिरवून बघायचं.

आणि हृदय. स्फिंक्समध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आनुवंशिक असू शकतो, आणि बरेचदा बाहेरून काहीच दिसत नाही. पिल्लू घेताना आईबापांच्या एकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे, कागद मागावेत. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर तिथून उठावं.