ऐंशी ते नव्वद

सोमवारी आवाजाच्या इंजेक्शनसाठी पुण्याला जायचंय आणि ते घ्यायचं की नाही हे माझं अजून ठरत नाहीये, म्हणून म्हटलं लिहून बघू, लिहिताना निदान गळा तरी आवळला जात नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी साताऱ्याकडं एका पतसंस्थेत वसुलीला आहे. म्हणजे दिवसभर फोन. हप्ता कधी भरताय विचारायचं, जरा आवाज चढवायचा. माझा आवाज चढतच नाही, तो अडकतो. शब्दाच्या मधेच कुणीतरी नरडं धरल्यासारखा बंद, मग सुटतो, परत बंद, आणि पलीकडच्याला वाटतं बाई रडतायत. मागच्या मार्चएंडला एका ट्रॅक्टरवाल्यानं 'ताई रडू नका, उद्या भरतो' म्हटलं आणि खरंच भरले. साहेब म्हणाले तुमचा आवाज म्हणजे संस्थेची ॲसेट आहे. मी पण हसले. हसताना माझा आवाज एकदम मोकळा येतो, ह्या आजाराची ती एक वेगळीच गंमत.

सहा वर्षं झाली. आधी वाटलं सर्दी. मग थायरॉइड तपासलं, नॉर्मल. मग एका डॉक्टरांनी ॲसिडिटी वर येतेय म्हणून सकाळी उपाशीपोटी गोळ्या दिल्या, वर्षभर खाल्ल्या. ज्येष्ठमध, हळदीच्या गुळण्या, सासूबाईंचं तुळशीचं पाणी, एका मावशींनी तर दृष्ट काढली. मग आली ती 'टेन्शन घेऊ नका' वाली मंडळी. घरात काही चाललंय का, असं एकानं नवऱ्यासमोरच विचारलं. घरात काही चाललेलं नव्हतं हो, पण असं विचारलं की चालू व्हायला लागतं. त्यात टेन्शन आलं की आवाज खरंच जास्त अडकतो, त्यामुळं सगळ्यांना वाटतं बघा, आम्ही म्हणत होतो ना.

शेवटी पुण्यात एका व्हॉइस क्लिनिकला गेलो. नाकातून बारीक कॅमेरा घशात सोडला आणि समोरच्या स्क्रीनवर माझ्या स्वरतंतूंची जोडी, पांढरीशुभ्र, ना गाठ ना सूज. गप्प बसले की शांत. आणि 'ई' म्हणा म्हटल्यावर दोन्ही एकमेकींवर अशा घट्ट दाबल्या की हवेला वाटच राहिना. मग तिथल्या स्पीच थेरपिस्ट मुलीनं सांगितलं, ऐंशीपासून नव्वदपर्यंत मोजा. ऐंशी, एक्क्याऐंशी, ब्याऐंशी... चढाला रिक्षा बंद पडावी तशी मी प्रत्येक आकड्यावर बंद पडत होते. मग म्हणाली, आता साठपासून मोजा. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, बऱ्यापैकी सुरळीत! आम्ही दोघं नवराबायको एकमेकांकडं बघत राहिलो.

तर ह्याचं नाव स्पॅझमोडिक डिस्फोनिया. माझा ॲडक्टर टाइप, बहुतेकांना हाच असतो, ह्यात स्वरतंतू बोलताना नको तेवढे घट्ट मिटतात आणि स्वरांवर जास्त अडकायला होतं, आणि ऐंशीच्या घरात एकोणनव्वद सोडला तर प्रत्येक आकड्याला 'ऐं' आहेच. दुसरा टाइप उलटा, त्यात तंतू नको तेव्हा उघडतात, हवा निसटते आणि ते लोक स, प, ह असल्या अक्षरांवर पडतात. घसा ठीकच असतो, गडबड मेंदूकडून स्नायूला जाणाऱ्या हुकमात आहे. डिस्टोनिया म्हणतात. काही लोकांचा हात फक्त लिहायला बसलं की आखडतो ना, त्याच जातीचं, फक्त माझं बोलायला बसलं की. पहिलं वर्णन 1871 चं, ट्राउबे नावाच्या जर्मन डॉक्टरचं, त्यानं पण ते 'नर्व्हस'मध्येच टाकलं होतं, आणि नंतर शंभर वर्षं हे मनाचंच म्हणून चाललं. म्हणजे टेन्शनवाली मंडळी काही एकट्या साताऱ्याची नाहीत.

आजारापेक्षा त्यातनं काढलेल्या पळवाटाच मजेशीर आहेत. 'अहो' म्हणताच येत नाही, अ वरच गाडी अडते. 'ऐकलं का' तर त्याहून वाईट. म्हणून नवऱ्याला आता 'सोनूचे बाबा' म्हणते, स वरून गाडी सुटते. ऐंशी हजार थकबाकी सांगायची असली की 'चार वीसा हजार' म्हणते, आजीचा हिशेब. कर्जदार बुचकळ्यात पडतात. पण आईला 'आई' म्हणायला काय पर्याय काढणार? फोन लावते आणि पहिले तीन सेकंद नुसती शांतता. ती म्हणते, बोल गं, आहे मी.

आता इंजेक्शनचं. ते बोटॉक्सचं आहे. जाऊबाईंना सांगितलं तर पहिला प्रश्न, 'उरलेलं कपाळाला लावतील का?' तेच औषध आहे पण, सुरकुत्यांना टोचतात तेच. बोट्युलिनम टॉक्सिन. नस स्नायूला जे रसायन सोडून हुकूम देते ते सुटूच देत नाही, त्यामुळं तेवढा स्नायू काही महिने ढिला पडतो. मेंदूचा चुकीचा हुकूम चालूच राहतो, फक्त ऐकणारा सुस्त होतो. (आमच्या शिपायासारखं. साहेब ओरडतात, तो हं हं करतो.) न्यूयॉर्कच्या अँड्र्यू ब्लिट्झर ह्यांनी 1984 मध्ये पहिल्यांदा ह्या आजारासाठी हे दिलं आणि आज जगभर हीच मुख्य ट्रीटमेंट आहे. आजार बरा होत नाही ह्यानं, हे डॉक्टरांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, तेवढ्यावर मला ते आवडले.

देतात कसं तर भूल नाही. मान मागं टाकून झोपवायचं, गळ्यावर बाहेरूनच, घाटीच्या जरा खाली, कूर्चांच्या मधल्या मऊ जागेतनं सुई आत. सुईला वायर जोडलेली असते आणि मशिनमधून स्नायूची खरखर ऐकू येते. मग 'ई' म्हणायचं. खरखर एकदम वाढली की सुई नेमक्या स्नायूत, की औषध सोडलं. त्या वेळी गिळायचं नाही, खोकायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांचा कारभार. सुईची भीती मला नाही, मी दोन बाळंतपणं काढलीत, पण ज्या 'ई' वर सहा वर्षं अडकतेय तीच 'ई' सुई घशात असताना म्हणायची म्हणजे जरा जास्तच होतं.

दोन-तीन दिवसांत असर सुरू. आणि मग पहिले एक-दोन आठवडे आवाज पार हवा-हवा होतो, कुजबुजल्यासारखा, आणि पातळ गोष्टी पिताना ठसका लागतो, पाणी हनुवटी खाली घेऊन घोट-घोट प्यायचं. चहा पण. मग तो काळ सरला की तीन-चार महिने चांगला आवाज, आणि मग हळूहळू परत मूळपदावर. परत सुई. डोस बसायला दोन-तीन खेपा जातात कारण कुणाला एकेका बाजूला एक युनिट पुरतं, कुणाला अडीच लागतं, आधी सांगता येत नाही. कुपी शंभर युनिटची आणि फोडली की चोवीस तासांत संपवायची, म्हणून डॉक्टर एकाच दिवशी तीन-चार पेशंट बोलावतात. तो दिवस म्हणजे हा सोमवार. मेडिक्लेमवाल्यांना विचारलं तर 'बोटॉक्स म्हणजे कॉस्मेटिक ना मॅडम', आणि हे त्यांना फोनवर समजावून सांगायचं मी, ह्या आवाजात! रागानं तर एक शब्द फुटेना. शेवटी मेल केला, उत्तर नाही.

कॅलेंडर काढून बसले होते. आता आषाढ. आता टोचलं तर श्रावणापर्यंत हवा-हवा, गणपतीत छान, दिवाळीच्या आसपास उतरणार. दिवाळीला परत टोचलं तर ते उतरणार बरोब्बर मार्चएंडला, आणि तिसरी सुई घेऊन कुजबुजत वसुली करायची. ट्रॅक्टरवाला तर ॲम्ब्युलन्सच पाठवेल.

पण खरं अडलंय ते ह्यात नाही. मला गाता येतं. ह्या आजारात बऱ्याच जणांचं असं असतं म्हणे, बोलणं जातं आणि गाणं, हसणं, कुजबुजणं वाचतं. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनाला बसते आणि तिथं ह्या गळ्यातनं अख्खी ओळ एका दमात जाते, आ ची तान सुद्धा, जो 'आ' मला आईला हाक मारायला मिळत नाही. आठवड्यातले ते दीड तास मला कुणी 'बरं नाही का' विचारत नाही. आणि इंजेक्शन ज्या स्नायूत देतात तो गाण्याचाही स्नायू आहे. डॉक्टर म्हणाले वरचे सूर काही आठवडे जातील, नंतर किती येतील ते तुमचं तुम्हाला कळेल. म्हणजे जे बिघडलंय ते नीट करायला जे एकच नीट आहे ते टेबलावर ठेवायचं. नवरा म्हणतो गुरुवार आठवड्यातनं एकदा येतो, फोन रोज वाजतो. बरोबर आहे त्याचं. तरी मला दोन दिवस त्याचा राग आला होता.

ऑपरेशनही आहेत. जपानमध्ये गळ्याची कूर्चा मधोमध फाकवून तिथं टायटॅनियमचा छोटा पूल बसवतात. ते माझ्या आवाक्यातलं नाही, नुसतं वाचलं. अमेरिकेतल्या डायान रीम ह्या रेडिओवाल्या बाईंबद्दलही वाचलं, 1998 मध्ये त्यांना हेच निघालं आणि त्या इंजेक्शनं घेत 2016 पर्यंत रोजचा कार्यक्रम करत राहिल्या. त्यांची क्लिप ऐकली. आवाज संथ, थोडा थरथरता, प्रत्येक शब्द उचलून ठेवल्यासारखा. सोनू म्हणाली, मम्मी ही तुझ्यासारखीच बोलते. मी ती क्लिप चार वेळा ऐकली.

काल रात्री मोबाईलवर दोन रेकॉर्डिंग केली. एक ऐंशी ते नव्वद, त्यात चौऱ्याऐंशीला मी इतकी अडकले की कुकरची शिट्टी आधी झाली. दुसरं गुरुवारचा अभंग, एकदम स्वच्छ. डॉक्टरांना दोन्ही ऐकवणारे आणि विचारणारे की पहिल्यावेळी एकाच बाजूला देता येईल का, कमीत कमी, दुसऱ्या रेकॉर्डिंगमधलं फार जाणार नाही इतकंच.

रजेचा अर्ज मात्र टाकलाय, मंगळवारपासून दहा दिवस. कारणाच्या रकान्यात 'घसा' एवढंच लिहिलंय.