शंभरपट दादर: शेतकरी संडे स्कूलचा मास्तर होतो तेव्हा

येशूनं सांगितलेला बायबलमधला पेरणाऱ्याचा दाखला नवापूरकडच्या एखाद्या पाड्यावर, मंडळीच्या रविवारच्या वर्गात म्हणजे संडे स्कूलमध्ये, सांगून पाहा. ‘कोठे शंभरपट, कोठे साठपट, कोठे तीसपट’ इथं आलात की मागच्या ओळीतला एखादा पोरगा बोटं मोजायला लागतो. दादर म्हणजे आपली रब्बी ज्वारी, तिचं बियाणं एकराला चार किलो. त्याच्या शंभरपट म्हणजे चार क्विंटल. चार क्विंटल दादर झाली तर त्याचा बाप पीक बुडालं म्हणतो. मग यात नवल काय?

उत्तर सोपं आहे, पण ते नांगर धरलेल्या माणसालाच सुचतं. दाखल्यातलं पीक ज्वारी नाही, गहू किंवा जव आहे. गव्हाचं बियाणं एकरी चाळीस किलो धरा. तीसपट म्हणजे बारा क्विंटल, म्हणजे पाणी असलेल्या शेतातलं बरं पीक. शंभरपट म्हणजे चाळीस क्विंटल. विहीर, युरिया, सुधारित वाण सगळं असूनही आपल्याकडे एवढा गहू कोणी काढत नाही. येशूच्या देशात तर नुसत्या पावसावरची शेती. उत्पत्ती २६:१२ मध्ये इसहाकाला एका वर्षात शंभरपट मिळालं, ते देवाचा आशीर्वाद म्हणूनच नोंदलं आहे. हा हिशेब फळ्यावर मांडला की वर्ग गप्प होतो.

शेती सोडून किंवा न सोडता मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शिकवायला उभे राहणारे लोक खानदेशात नवे नाहीत. पश्चिम खानदेशात ज्या मिशनचं काम पसरलं ते स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. १९४९ पासून त्याचं नाव द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन, थोडक्यात टीम. त्या स्कँडिनेव्हियाच्या इतिहासातही असा एक शेतकरी आहे. नॉर्वेचा हान्स नील्सन हाउगे. १७९६ च्या एप्रिलमध्ये बापाच्या शेतात काम करताना त्याला देवाचं पाचारण झालं, मग तो देशभर पायी फिरला, पुस्तकं लिहिली, आणि पाळकाच्या परवानगीशिवाय सभा घ्यायला बंदी घालणाऱ्या १७४१ च्या कायद्याखाली १८०४ मध्ये तुरुंगात गेला. पदवी नसलेल्या माणसानं शिकवावं का, हा वाद तेव्हाही होता, आपल्या मंडळीच्या पंचमंडळात अजूनही निघतो.

माझं मत: शेत विकून किंवा बटाईनं देऊन शिकायला जाऊ नये. पाळक-शिक्षक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. तिथली पदवी चांगलीच, पण दोन बैल आणि चार एकर असलेल्या माणसाला काही वर्षं घर सोडणं परवडत नाही. नेमक्या याच अडचणीतून १९६३ मध्ये ग्वाटेमालात टी.ई.ई. (थिऑलॉजिकल एज्युकेशन बाय एक्स्टेंशन, म्हणजे घरबसल्या धर्मशिक्षण) ही पद्धत निघाली. विद्यार्थ्यानं घरी धडे वाचायचे आणि आठवड्यातून एकदा गटात बसून त्यावर बोलायचं. भारतात १९७१ पासून बंगळूरची टॅफ्टी संस्था हे काम करते. यात माणूस गळतो तो बुद्धी कमी पडली म्हणून नाही, वेळापत्रकामुळे. पंपाला रात्रीची वीज आली की तो आठवडा वाचनाचा नसतो. गट धरताना दिवसाची पाळी आणि रात्रीची पाळी बघूनच वार ठरवा. जून-जुलैत पेरणी-निंदणी आणि ऑक्टोबरपासून कापसाची वेचणी, त्या दिवसांत धडे निम्मे ठेवा. भरपाई मार्च ते मे.

वर्गाची वेळही शेतावरच ठरते. वेचणीच्या दिवसांत पोरं सकाळपासून शेतात असतात, तेव्हा उपासनेनंतर लगेच वर्ग ठेवला तर निम्मी गायब. चार वाजता ठेवा. पाऊण तास पुरे: दहा मिनिटं गाणी, पाच मिनिटं मागचं वचन, बारा-पंधरा मिनिटं गोष्ट, उरलेला वेळ हातानं काहीतरी करण्याला आणि प्रार्थनेला. पंधरा मिनिटांच्या वर गोष्ट गेली की तिचा उपदेश होतो, आणि पोरं भिंतीवरची पाल बघू लागतात. गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगावी, मावची असेल तर मावचीत, अहिराणी असेल तर अहिराणीत, आणि मगच मराठी शास्त्रातून वाचावी. उलटं केलं तर वचन पाठ होतं, पण अर्थ विचारला की सगळे जमिनीकडे बघतात.

आता पेरणाऱ्याच्या दाखल्याचे चार डबे. दाखल्यात बी चार जागी पडतं: वाटेवर पाखरं खातात, खडकाळीत सुकतं, काटेरी झुडपांत दाटतं, चांगल्या जमिनीत पीक देतं. हा प्रयोग बऱ्याच वर्गांत करतात आणि बऱ्याच वर्गांत फसतो.

पत्र्याचे चार डबे घ्या, वीतभर उंचीचे, तळाला खिळ्यानं पाच-सहा भोकं पाडलेले. पहिल्यात वाटेची घट्ट माती, ठोकून बसवलेली. दुसऱ्यात खाली सपाट दगड आणि वर जेमतेम दोन बोटं माती. तिसऱ्यात काटेरी झुडपांच्या जागी हरळी. चौथ्यात शेतातली भुसभुशीत माती, थोडं कुजलेलं शेणखत घालून. प्रत्येकात वीस दाणे टाका. हिवाळ्यात गहू, उन्हाळ्यात मूग, कारण मे महिन्याच्या तापात गहू नीट उगवत नाही.

फसतं कुठं? पहिल्या डब्यात काळी माती भरली तर ती वाळून तडकते, दाणे भेगांत पडतात आणि मस्त उगवतात. वाटेसाठी मुरमाड तांबडी माती घ्या आणि डबा अंगणात उघडा ठेवा. पाखरांचं काम कोंबड्या करतात, तेही दहा मिनिटांत. दुसऱ्या डब्याला एखादी दयाळू पोरगी रोज पाणी घालते, मग रोप सुकतच नाही आणि दाखला अडतो. त्याला फक्त पहिले तीन दिवस पाणी. तो डबा बहुतेक वेळा सगळ्यांआधी उगवतो, कारण पातळ माती लवकर तापते. मत्तय १३:५ मध्ये ‘लवकर उगवले’ लिहिलंय ते हेच. तिसऱ्यात हरळीच्या कांड्या त्याच दिवशी लावल्या तर महिनाभर काही दाटणी होत नाही. त्या निदान पंधरा दिवस आधी लावून फुटू द्या.

‘खडकाळ’ म्हणजे मातीत गोटे मिसळलेले नव्हे, खाली सलग कातळ आणि वर पापुद्रा. सातपुड्याच्या उतारावरच्या पोराला हे सांगावं लागत नाही, तापीकाठच्या पोराला सांगावं लागतं. ‘वाटेवर बी टाकणारा शेतकरी येडा होता का?’ हा प्रश्न मात्र सगळीकडे येतो. आपण पाभरीनं ओळीत पेरतो, कापूस तर एकेक सरकी मोजून लावतो. येशूच्या देशात मूठ भरून फेकत जायचे आणि पायवाट शेतातूनच जायची. शिवाय तिथला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, पेरणी हिवाळ्याच्या तोंडावर. म्हणून हा धडा जूनमध्ये घेऊ नये, गव्हाच्या पेरणीला घ्यावा.

निदणाचा दाखला शेतकरी मास्तरालाच जास्त अवघड जातो. त्यात वैरी गव्हात निदण पेरतो आणि मालक म्हणतो, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. मराठी शास्त्रात शब्द ‘निदण’ आहे आणि आपल्याकडे निंदणी म्हणजे विसाव्या दिवशी खुरपं घेऊन बसणं. तण राहू द्या म्हणणारा मालक त्याला पटत नाही. इथं नवापूरच्या भाताकडे बोट दाखवा. खाचरात भातासारखंच एक गवत येतं, रोपवाटिकेतून रोपांबरोबर लावलंही जातं, आणि लोंबी फुटेपर्यंत ओळखू येत नाही. त्या देशातलं निदण गव्हाच्या बाबतीत तसंच: ओंबी येईपर्यंत जुळं भावंड, आणि मुळं गव्हाच्या मुळांत गुंतलेली. उपटायला गेलात तर गहूही हातात येतो. त्याचे दाणे पिठात गेले तर चक्कर येते, म्हणून कापणीला वेगळं करणं भाग होतं.

दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणाऱ्या विधवा रूथची गोष्ट त्या मानानं सोपी. सरवा हा शब्द पोरांना घरातूनच येतो, फक्त एफाभर (एफा हे तिथलं माप) जव म्हणजे किती ते दाखवा. सुमारे बावीस लिटर, तेलाचा पंधरा किलोचा डबा भरून वर उरेल एवढे, वजनानं बारा-तेरा किलो. एका बाईनं दिवसभर वेचून, बडवून एवढे घरी नेले, म्हणजे शेताचा मालक बवाज यानं गड्यांना मुद्दाम पेंढ्यांतून कणसं टाकायला सांगितलं होतं ते खरंच त्यांनी केलं.

राहिला पटाचा प्रश्न. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत कुटुंबं जातात आणि वर्ग रिकामा होतो. गैरहजर म्हणून नाव कापू नका. जाण्याआधी प्रत्येक घराला पुठ्ठ्याचं एक कार्ड द्या: वीस आठवडे, प्रत्येकाला एक वचन, एक चित्र आणि एक प्रश्न. तळावर एकाच गावची चार-पाच घरं असतात. त्यातल्या सहावी-सातवीच्या पोरीला नीट वाचता येत असेल तर कार्ड तिच्या हाती द्या, बापाच्या नको. पावसानं भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीला दोरी. होळीला परतल्यावर प्रश्नांची उत्तरं तोंडी विचारा, लेखी मागितली तर ती पोरं पुढच्या रविवारी येत नाहीत.