बटण सोपे झाले, बचाव नाही

२०२३ साली आलेला 'स्ट्रीट फायटर ६' हा हाणामारीचा व्हिडिओ गेम आज धाकट्या बहिणीने प्रथमच खेळून पाहिला. खाली, तिरके, पुढे अशी कळ फिरवून लगेच ठोसा दाबल्याशिवाय जो आगीचा गोळा एरवी सुटत नाही, तो गेममधल्या 'मॉडर्न' या सोप्या नियंत्रण पद्धतीत एकाच बटणावर सुटतो. बदल्यात त्याचा मारा २० टक्क्यांनी घटतो, आणि हा सौदा मला रास्त वाटला. तिला तर तो फारच आवडला. मात्र प्रतिस्पर्ध्याने उडी घेताच तिची बोटे हल्ल्याकडेच धावत होती, कारण उडीतला वार उभ्याने आणि पायाशी येणारा वार बसून अडवायचा, ही सवय कोणतेही बटण लावून देत नाही. (सरावाची सोय आहे, पण तिथला पुतळा सांगितल्याशिवाय हात उगारत नाही!) ऑनलाइन सामन्यांत उतरण्यापूर्वी तिने काही दिवस नुसते वार अडवावेत, असे ठरले आहे.